खडकवासल्याच्या पाण्यात उतरवलेलं यंत्र

पुण्यातल्या विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत पाण्याखालचे आवाज टिपणारी यंत्रं बनतात. आधी ती तळघरातल्या टाकीत बुडवायची, मग खडकवासल्याच्या धरणात, आणि तिथे टिकली तर गोव्याहून सुटणाऱ्या संशोधन जहाजावर चढवायची. यंत्राचं नळकांडं पाणी शिरणार नाही असं बंद करणं, हे माझं काम.

त्या सकाळी मी झाकणाच्या खाचेत रबरी रिंग बसवत होते, तेवढ्यात मुलीच्या शाळेतून फोन आला. तिला ताप होता. बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला, तिकडे पाठवलं, परत आले, झाकण आवळलं. धरणाच्या वाटेवर नांदेड फाट्याच्या गर्दीत आमची जीप अडकली तेव्हा मनात आलं, रिंग बसवण्याआधी खाच पुसली होती का? खाचेत एखादा कण राहिला तरी तिथून पाणी शिरतं. काही केल्या आठवेना.

शेजारी आमचे विभागप्रमुख होते. जहाजावर जागा मिळावी म्हणून दोन वर्षं त्यांनी पत्रं लिहिली होती. जहाज चार दिवसांनी सुटणार होतं. मी गप्प बसले.

धरणात आमची छोटी बोट मधोमध थांबली. नावाड्यानं दोर सोडला. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ येत होता, पडद्यावरचे आकडे बरोबर होते. माझं लक्ष मात्र त्या खाचेवरच होतं.

"छान चाललंय," सर म्हणाले. "अजून खाली सोडा."

"सोडू का, बाई? खाली लई खोल हाय," नावाड्यानं मला विचारलं, कारण दोराच्या खुणा मीच मोजत होते.

"नको," मी म्हणाले. "सर, वर घेऊ या. खाच पुसली की नाही, मला आठवत नाहीये."

सरांनी हेडफोन काढला. "आकडे ठीक आहेत."

"हो. तरीही."

यंत्र वर आलं. बोटीतच कोरड्या फडक्यावर मी झाकण उघडलं. रिंगेखाली सुताचा एक बारीक धागा अडकला होता, आणि तळाशी चार-पाच थेंब पाणी. सर्किटपासून बोटभर अंतरावर.

सरांनी तो धागा चिमटीत उचलून पाहिला. मग म्हणाले, "आकडे ठीक असताना बोललात, ते बरं केलंत. सकाळीच बोलला असतात तर एक फेरी वाचली असती."



रिंग बदलली, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरणावर गेलो, या वेळी पार तळापर्यंत. सर यंत्र घेऊन जहाजावर गेले, मी पुण्यातच राहिले. दोन आठवडे काही कळलं नाही. रोज प्रयोगशाळेत शिरले की मी आधी मेल बघायचे, कारण नवी रिंगही मीच बसवली होती.

मग एका दुपारी सरांचा एका ओळीचा मेल आला: 'आत कोरडं आहे.' मी तळघराच्या पायरीवर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.