मेपलच्या पाकातला मासा

माझ्या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी काचेची एक चपटी बाटली उभी आहे. आत तपकिरी पाक, वर लाल पानाचं चित्र. मुलगा कॅनडाहून येताना घेऊन आला होता. तो परत गेला, बाटली अर्धी उरली. भांडी घासायला येणारी बाई तिला औषध समजते आणि ओटा पुसताना तिला वळसा घालून जाते.

पिपरी मेघेतलं हे घर आम्ही नवरा-बायकोनं नोकरीत असतानाच बांधलं. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी शाळेत शिकवत होते तोवर दिवसभर पोरांचा कलकलाट असायचा, घरी आलं की शांतता हवीशी वाटायची. आता ती सकाळपासून समोर येऊन बसते आणि उठायचं नाव घेत नाही. एकटीचा स्वयंपाक हा काही स्वयंपाक नव्हे. मूठभर तांदूळ, दोन वांगी, कुकरची शिटी होते न होते तोच जेवण उरकलेलं. टीव्ही मी बघत नाही, पण लावून ठेवते. घरात कोणीतरी बोलत असलेलं बरं.

मुलाचा फोन रविवारी यायचा. तेलाच्या डब्याला फोन टेकवून मी भाजी निवडत बोलायचे. तिकडे त्याची रात्र, इकडे माझी सकाळ. सून दिसली नाही की मी विचारायचे आणि तो म्हणायचा, "ड्युटीवर हाये." ती दवाखान्यात कामाला, पाळ्या असणारच, हे मला कळत होतं. तरी वर्षभरात एकही रविवार बाईला घरी बसायला मिळू नये? पण मी खोदून विचारलं नाही. विचारलं आणि त्यानं फोनच कमी केला तर मग रविवारी मी काय करणार होते?

जानेवारीत तो आला, एकटाच. "तिले सुट्टी नाई भेटली," दारातच म्हणाला, मी विचारायच्या आधी. उतरलेले खांदे, डोळ्यांखाली काळं. पहिले काही दिवस नुसता झोपला. उठला की गच्चीवर जाऊन उभा राहायचा आणि समोरच्या प्लॉटवरची बाभूळ बघायचा. बाभळीत बघण्यासारखं काय असतं? मी वर चहा घेऊन जायची, तो कप घ्यायचा, "थंडी नाई राह्यली आता इथं," असं काहीतरी म्हणायचा, संपलं. तो घरात होता आणि मला आणखीच एकटं वाटत होतं.

मला त्याच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, की त्याचा संसार नीट आहे. आणि त्या संसारात माझंही काहीतरी गुंतलं होतं, जे त्याला माहीत नव्हतं.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांचं बिनसलं होतं. ती काही महिने मैत्रिणीकडे जाऊन राहिली. एकदा फोनवर हा एवढा बाप्या माणूस लहान पोरासारखा रडला. इतक्या लांबून मी काय करणार? ना तिची समजूत घालता येत, ना त्याच्या पाठीवरून हात फिरवता येत. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं केळझरला गेले, गणपतीपुढे हात जोडले आणि म्हटलं, यांचं जमू दे, मी मासे सोडले. आमच्याकडे सोडायचं ते आवडीचंच. न आवडणारं सोडून देवाला काय फसवायचं?

आणि मासे माझ्या किती आवडीचे, हे माझ्या माहेरच्यांना विचारावं. आम्ही समुद्रपूरकडचे. वणा नदीचा मासा घरी आला की भावंडांत डोक्यावरून भांडणं व्हायची आणि डोकं मलाच मिळायचं, कारण मी सगळ्यांत मोठ्यानं रडायची. आई मिठाहळदीनं आणि बेसनानं मासा चोळचोळून धुवायची, चिखलाचा वास जाईपर्यंत, मग जवस वाटून घट्ट रस्सा आणि वरून मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. ते सगळं मी त्या दिवशी केळझरला ठेवून आले. महिनाभरात सून घरी परतली. हे मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर त्याचं बळ जातं, असं मी ऐकत आले होते. त्यांच्या संसारात माझा तेवढाच हातभार, आणि खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता. बाजारात मासळीच्या टोपल्यांपुढून जाताना मी मान ताठ करून जायची.

अशात एका बुधवारी मुलगा सकाळी उठला, गाडी करून नागपूरला गेला आणि दुपारी थर्माकोलचा डबा घेऊन आला. डब्यात बर्फ, बर्फात पाकीट, पाकिटात माशाचे दोन तुकडे, गाजरासारखे केशरी.

"हे काय आणलं?"

"सॅमन. तुले मासे आवडतात ना? तिकडचा खाऊन पाह्य."

"असा रंगवलेला?"

"रंगवला नाई आई, तसाच असते."

मी पाकीट फोडलं. इतक्या दिवसांनी त्यानं आपणहून काहीतरी करायला घेतलं होतं. तो आंघोळीला गेला. मासा माझ्या ओट्यावर उघडा पडलेला. खायचा सोडला होता, हात लावायचा नव्हे. मी बाह्या सरसावल्या, मीठ, हळद आणि चांगलं ओंजळभर बेसन घेऊन त्या तुकड्यांना चोळलं आणि नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. माझ्या दृष्टीनं मी त्याचं निम्मं काम करून ठेवलं होतं.

तो डोकं पुसत आला आणि बघतच राहिला. "आई! हे काऊन पिवळं झालं?"

"धुतला. वास नको यायला."

"अवं, हा समुद्रातला हाये! याले कुठं चिखल?"

"मले काय माहीत तुह्या समुद्राचं?"

आणि तो हसला. ओट्याला टेकून, टॉवेल तोंडावर धरून हसला. आल्यापासून पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की आणखी दोन मासे असते तर तेही हळदीत बुडवले असते.

मग त्यानं ते तुकडे कापडानं टिपून कोरडे केले. लसूण ठेचला, लिंबू पिळलं, मिरपूड घातली. माझा लोखंडी तवा तापवून कातडीची बाजू खाली ठेवली. मेपलच्या पाकाची बाटली उघडून मला बोटावर चाटायला दिलं. "काकवी आहे ही," मी म्हटलं, "जरा पातळ." तो म्हणाला, झाडाला भोक पाडून पाणी काढतात आणि दिवस दिवस आटवतात. मी म्हटलं, तिकडे लोकांना कामं नाहीत वाटतं. पाक तो आधीच ओतणार होता, मी हात धरला. गूळ तापल्या तव्यावर काय करतो हे चिक्की केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. शेवटी आच मंद करून त्यानं पाक वरून सोडला, कडेनं बुडबुडे आले आणि घरभर एक वास पसरला, सणाच्या दिवसासारखा गोड, आणि त्याच्या आतून माशाचा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्या क्षणी मला स्वतःचा राग आला.

त्यानं दोन ताटं वाढली. प्रत्येकात एक तुकडा, शेजारी भात. मी आपली भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन बसले.

"हे काय? खात नाई?"

"पित्त झालं मले."

"सकाळी तर चांगली होती."

"आज माझा वार आहे."

"बुधवार हाये आई. बुधवारी कोण पाळते?" त्याचा आवाज बदलला होता. "मी नागपूरले गेलतो ते तुह्यासाठीच गेलतो. एक घास घे."

मी मान हलवली. त्यानं चमचा ताटात ठेवून दिला आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसला. तो मनानं पुन्हा त्या बाभळीपाशी गेला, हे मला दिसलं. मला ते सहन झालं नाही. मी सांगून टाकलं. केळझर, गणपती, सोडलेले मासे, सगळं. "तुमचं चांगलं चालू राहावं म्हणून सोडले रे. खाल्ले आणि तिकडे काही झालं तर? एवढ्या एका घासासाठी मी तुझा संसार पणाला लावू?"

त्यानं माझ्यासाठी वाढलेलं ताट माझ्यापुढे सरकवलं.

"मंग खाय आई," तो म्हणाला. "तो संसार मागच्या वर्षीच मोडला."

आधी मला देवाचा राग आला. मग याचा. मी ओरडले. वर्षभर ड्युटी, ड्युटी करत आईला वेड्यात काढतोस? मी काय परकी आहे?  मी थांबल्यावर तो म्हणाला, "सांगून काय केलं असतं? तू इथं एकटीच रडत बसली असती. कोण होतं तुह्याजवळ?"

"आणि तुझ्याजवळ कोण होतं?"

तो भाताची शितं बोटानं सारखी करत बसला. मग हळूच सांगायला लागला. शुक्रवारी ते दोघं हाच मासा करायचे, असाच, मेपलच्या पाकात. ती सोडून गेल्यावरही तो शुक्रवारी दुकानात जायचा. पाकिटात तुकडे दोनच येतात, एक मिळत नाही. मग दोन्ही करायचा. एक त्या रात्री उभ्यानंच खायचा, आणि दुसरा डब्यात भरून दुसऱ्या दिवशी, थंडगार. "फेकून द्यायचं जिवावर येते ना," म्हणाला.

मी इथं टीव्ही लावून बसत होते, तो तिथं दोघांचं रांधत होता. आणि रविवारी आम्ही एकमेकांना सांगत होतो, सगळं बरं आहे. एकटी फक्त मीच आहे, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. माझं लेकरू माझ्याहून एकटं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला रडू आलं ते त्याच्या मोडलेल्या संसाराचं नव्हतं, त्या डब्याचं होतं.

मी ताट पुढे ओढलं. देवाशी काय ते मी नंतर बघून घेईन. मासा लोण्यासारखा मऊ होता, वरून गोड, मध्येच माझ्या हळदीचा कडवटपणा. गोड मासा मला काही पटला नाही आणि तसं मी त्याला सांगितलंही. तरी मी खात राहिले. कातडी तव्याला जरा लागली होती, तीही खाल्ली. तो माझ्याकडे बघत होता.

"बघतोस काय?" मी म्हटलं. "जेव."

तो जेवला. मी वरून त्याला भात वाढला, त्यानं घेतला. आम्ही दोघांनी ते दोन्ही तुकडे त्याच बैठकीत संपवले, गरम असतानाच, आणि दुसऱ्या दिवसाच्या डब्यासाठी काही म्हणून उरू दिलं नाही.