जयवंतीबाईंची हाक

गिरीज गावातली एक वाडी मोडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा वाडीतली मांजरं जाणार कुठे? ती जिन्याखाली आली. त्याच वाडीतल्या जयवंतीबाई फ्लॅटमध्ये आल्या. बोंबलाची डोकी घालून भात कालवायचा, "ये गं बाय" म्हणायचं, की पार्किंगभर शेपट्या उभ्या. बाकी कोणाच्या वाऱ्यालाही ती उभी राहत नसत.

पिल्लं वाढली तशी लोकांची कुरकुर वाढली. मीटिंगमध्ये मांजरं हाकलून द्या, असा एकच गलका झाला. तेव्हा सेक्रेटरी हरेश बाईंच्या बाजूने उभा राहिला. बाई दर भाऊबिजेला ज्याला ओवाळतात, तोच हा मानलेला भाऊ. मांजरांचं ऑपरेशन करू, खूण म्हणून डॉक्टर कानाचं टोक कापतात, मग इथेच आणून सोडू, पिल्लं आपोआप थांबतील, असं त्याने सगळ्यांना समजावलं. टेम्पोही त्याचाच. बाईंना गहिवरून आलं. त्यांनी एकेकीला हाक मारून, पाठीवरून हात फिरवत पिंजऱ्यात बसवलं.

मांजरं परतली नाहीत. जखम ओली आहे, डॉक्टर सोडत नाहीत, अशी हरेशची रोज नवी थाप. बाईंनी ती खरी मानली. भावावर संशय घ्यायची त्यांना सवयच नव्हती.

मग नात्यातल्या लग्नाची पत्रिका द्यायला त्या लांब सातिवलीला गेल्या आणि एका गोदामामागे त्यांना नेलेल्या मांजरांतली तांबू दिसली. वाकडी शेपटी तीच. बरगड्या वर आलेल्या, पोटाला पिल्लं लुचत होती, आणि दोन्ही कान धड. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाईंनी जाब विचारला, तेव्हा हरेशने नाकारलंही नाही. "ताई, लोकांना मांजरं नकोच होती. आणि तुमच्याशिवाय ती कोणाच्या हाताला लागत नव्हती."

"मंग माजा हातच तोडून न्यायचा होतास," एवढंच बाई बोलल्या.

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या निधीला घेऊन त्या पुन्हा सातिवलीला गेल्या. तांबूला पिल्लांसकट घरी आणायचं, पिल्लांचं दूध सुटलं की खरोखरचं ऑपरेशन करायचं, असं ठरलं. पिंजऱ्यात भात ठेवून बाईंनी हाक मारली. तांबूने मान वर केली आणि पिल्लं टाकून ती पत्र्यांखाली पळाली. ओळखलं म्हणूनच पळाली, हे बाईंना कळलं.

निधी हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा मागे थांबा. मी बोलावून बघते."

बाई कोपऱ्याआड जाऊन तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने पिंजऱ्याचं दार पडल्याचा आवाज आला. परक्या पोरीच्या हाकेवर तांबू आली होती.