मंडळीची शेळी

सुगी आटोपली की आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, एका रविवारी पिकाबद्दल देवाचे आभार मानायची, उपकारस्तुतीची उपासना होते. त्या दिवशी दानाच्या पैशांची पाकिटं चालत नाहीत आणि मोबाईलनं स्कॅन करूनही सुटका होत नाही. ज्याच्या घरी जे पिकलं, वाढलं, ते वेदीसमोर आणून ठेवायचं. ज्वारीची कणसं, डाळिंबं, अंडी, उसाच्या मोळ्या, कुणाच्या परसातला भोपळा. शेवटचं गीत झालं की आवारात या सगळ्याचा लिलाव. बोली जिंकणारा वस्तू घरी नेतो, नाहीतर पुन्हा लिलावाला ठेवतो. एकच भोपळा तीनदा विकला जाताना मी पाहिलाय. फक्त देणाऱ्यानं आपलीच वस्तू परत न्यायची नसते. हे कुणी शिकवत नाही, पण आमच्यात लहान पोरांनाही ठाऊक असतं.

माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं. तो पुण्याच्या मोठ्या चर्चमध्ये वाढलेला. तिथं दान म्हणजे पाकीट.

त्या वर्षी आईची शेळी व्याली आणि आठवड्यात मेली. मागे एकच मादी करडू राहिलं. आईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. वडील गेल्यापासून चर्चच्या मागच्या पत्र्याच्या घरात आई एकटी राहते. मी जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये बोलावलं तर म्हणते, तुमच्या तिसऱ्या मजल्यावर शेळी कुठं बांधू? सकाळचा शेळीच्या दुधाचा चहा हे तिचं एकमेव व्यसन. आणि बाई ते करडूच उपकारस्तुतीला द्यायला निघाली.

"अगं, दुसरी शेळी आहे का तुझ्याकडं?" मी तडकले.

"न्हाय."

"मग?"

"मग काय? हाय ते देवाचं पयलं. दुसरं न्हाय त्यात देवाचा काय दोष?"

तिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

लिलावात करडू उभं राहिलं, तेव्हा नाताळच्या बिर्याणीवर डोळा ठेवून दोघंतिघं बोली लावत होते. माझा नवरा मध्ये घुसला, चढत चढत गेला आणि जिंकला. मग त्यानं दोरी धरून करडू सरळ आईसमोर नेलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आई, तुमचं तुम्हाला."

तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायकांनी मात्र एकमेकींकडं पाहिलं. आईचा चेहरा पडला. देवाला दिलेलं परत घेता येत नाही, आणि चारचौघांत जावयाचा हात मागं सारता येत नाही. तिनं दोरी घेतली.

घरी आल्यावर त्याच्यापुढं चहा ठेवून ती शांतपणे म्हणाली, "जावईबापू, तुमी लई मायेनं केलं. पर माझं दान मलाच दिलं की. आता माझं देवाला काय पोचलं?"

नवऱ्याला तो चहा काही गोड लागला नसावा. मला त्याची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी आई चर्चच्या पाळकसाहेबांकडं गेली. म्हणाली, "शेळी मंडळीची. मी निस्ती सांभाळणार." त्यांना वाटलं, बोलायची पद्धत. आम्हालाही तसंच वाटलं.

पुढं ते करडू मोठं होऊन व्यालं. आई रोज पहाटे धार काढायची आणि दूध समोरच्या घरी द्यायची. तिथं एक तेलुगू विणकर आजोबा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेले. त्यांची सून भांडं घेऊन यायची. उरलं तर पाळकसाहेब सांगतील त्या आजाऱ्याकडं. आई स्वतः कोरा चहा प्यायची. शेळीला शेवरीचा पाला आणणारी ती, गोठा झाडणारी ती, आणि दुधाचा थेंब तिच्या घशाखाली जात नव्हता. मी चिडायचे. "एक चमचा घेतलास तर देव खाली उतरून विचारणार आहे का?"

"त्यो इचारत न्हाय म्हणूनच," ती म्हणायची.

चिडून मी घरी यायचे आणि वाटेतच चीड उतरायची. कारभारीपणावर, म्हणजे देवाचं ते आपण फक्त सांभाळायचं यावर, मी चर्चमध्ये कितीतरी उपदेश ऐकले आहेत, काही तर झोपेतही. आईनं मात्र एकही दिला नाही. मला तिचा अभिमान वाटायचा, पण तिला सांगितलं कधी नाही.

यंदा आईला डेंग्यू झाला. दवाखान्यातून घरी आली तेव्हा उठून बसायचीही ताकद नव्हती. पोटात काही टिकेना. जो येईल तो सांगायचा, शेळीचं दूध द्या. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, कुठलंही द्या, पण उकळून द्या, पोटात काहीतरी जाऊ द्या. पिशवीचं दूध ती ओकून टाकत होती आणि शेळी दाराशी ओरडत होती. मी शेळीचंच दूध काढून, उकळून पेला भरून नेला.

"ते माझं न्हाय," तिनं तोंड फिरवलं.

मी ओरडले, रडले, भांडलेसुद्धा. आई मरेल असं मला खरंच वाटलं. नवरा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता. दिवस रविवारचा होता. तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर पडला.

नंतर पाळकसाहेबांनी मला सांगितलं. उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू होण्याआधी तो उभा राहिला. चर्चमध्ये कधी तोंड न उघडणारा माणूस हात जोडून म्हणाला, "आपल्या मंडळीत एक बाई आजारी आहे. मंडळीच्या शेळीचं थोडं दूध तिला मिळावं, अशी विनंती आहे." कुणी हसलं नाही. सगळी मंडळी एका आवाजात "हो" म्हणाली.

उपासना सुटल्यावर नवरा आणि पाळकसाहेब घरी आले. दूध उकळलेलं होतंच. पाळकसाहेबांनी पेला आईपुढं धरला. "मावशी, हे मंडळीनं पाठवलंय. आजाऱ्यासाठी."

आईनं मला खूण केली, उठवून बसव म्हणून. बसल्यावर तिनं पदर डोक्यावर घेतला, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घेताना घेते तसा, आणि पेला दोन्ही हातांनी धरला. जावयाकडं बघून म्हणाली, "आमेन म्हणा की कुणीतरी."

नवरा म्हणाला. आई दूध प्याली.