भंगारात गेलेलं कोरं स्टील

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण सुपरमार्केटमधल्या स्टीलच्या भांड्यांचं प्रकरण माझ्या मनात अजून जसंच्या तसं आहे. नातवंडांनो, तुम्ही दोघं तिकडे परदेशात ज्या दुकानांत ट्रॉली ढकलत फिरता, तसंच स्वस्त दराचं एक दुकान वाशीम जिल्ह्यात, माझ्या शेवटच्या नेमणुकीच्या गावी उघडलं होतं. त्या दुकान-साखळीच्या कितीतरी शाखा होत्या, ही त्यातली सर्वांत नवी. मी तेव्हा तिथली ठाणेदार होते. नाव कुणाचंच लिहीत नाही. त्या माणसांना अजून त्याच गावात राहायचं आहे.

एका सकाळी दुकानाचा व्यवस्थापक तक्रार घेऊन आला. तिशीतला, सातारा भागातला, बदली होऊन आलेला. स्टीलच्या भांड्यांचे खोके गोदामातून नाहीसे झाले होते. सणाच्या योजनेसाठी आलेला माल, फळीवर लागायच्या आधीच गायब. त्याचा संशय एका मुलीवर होता. गोदामातून माल काढून फळ्यांवर लावण्याचं काम तिच्याकडे होतं.

"गुन्हा दाखल करा मॅडम," तो म्हणाला. "वरून रोज फोन येतोय."

मी त्याचा लेखी अर्ज घेतला आणि त्याला थांबायला सांगितलं. माणूस रागात असतो तेव्हा संशयिताचं नाव फार लवकर सांगतो. अशा वेळी एक दिवस घेतलेला बरा, हा माझा नियम होता.

दुपारीच खबर आली. बसस्थानकाजवळ पानाचा ठेला चालवणारा आमचा एक जुना खबरी होता. त्याला सरळ बोलायचं वावडं होतं.

"म्याडम, चष्मा घालून या भंगाराच्या दुकानाकडं. डोळे दिपून राह्यले लोकायचे."

"कशानं?"

"कोरं स्टील. भंगारवाल्यानं लग्न काढलं का काय, मले तं आवतन नाही."

भंगारवाले चाचा म्हणजे गावातले जुने व्यापारी. आम्ही गेलो तेव्हा खोके पुढेच ठेवलेले होते, झाकलेलेही नव्हते. हवालदारांनी आवाज चढवला, पण चाचा शांत.

"जमादार साहेब, चोरीचा माल दिवसाढवळ्या दुकानाच्याच टेम्पोनं कायले येईल? पैसेबी दुकानात जमा केले मी. पोरीले म्हणलं, बेटी, माल कोरा हाय, पुन्हा इचार. ती म्हणे, साहेबाचा हुकूम हाय. मले खटकलं, म्हणून मोडीत नाही काढला, तसाच ठेवला."

हा मुद्दा मला पटला. चोरी करणारा माणूस मालकाच्याच गाडीतून माल पाठवत नाही. पण मग व्यवस्थापक तक्रार घेऊन कशाला आला?

मुलीला चौकशीला बोलावण्याआधी मी साध्या साडीत दुकानात जाऊन आले. ती माणसं कशी राबतात, हे तुम्हीही एकदा थांबून बघा. मुली सकाळपासून उभ्या. बसायला स्टूल नाही. पँटचे खिसे शिवून बंद केलेले. घरी जाताना अंगझडती. गिऱ्हाइकानं तूरडाळीत साबण टाकून दिला तर तो उचलून जागेवर ठेवायचा, पुड्यांची तोंडं पुढं करायची, किमतीच्या चिठ्ठ्या बदलायच्या. एका आजींनी साखरेची पिशवी पाच वेळा उचलून ठेवली आणि व्यवस्थापकाचा संशय होता त्याच मुलीला म्हणाल्या, "किराणावाला मले उधार तरी देते, तू काय देतं व?"

"आजी, मी पिशवी उचलून देतो," मुलगी हसून म्हणाली.

ती मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची होती. ठाण्यात आली तेव्हा अंगावर दुकानाचाच टी-शर्ट होता. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि दोन्ही मुली त्यांच्याबरोबर फडावर. या नोकरीमुळे त्या वर्षी पहिल्यांदाच ती मागे राहणार होती, आणि धाकट्या बहिणीला शाळेसाठी जवळ ठेवणार होती. गाड्या निघायला आठवडाभर उरला होता.

"केस झाली तं नोकरी जाते," ती म्हणाली. "मंग दोघीबी गाडीत. तिची दहावी हाय म्याडम."

तिनं रडून दाखवलं नाही. मी विचारलं तेवढंच सांगितलं. खोके आले तेव्हा व्यवस्थापक दुसऱ्या शाखेत होता. तिनं फोन करून विचारलं, त्यानं माल भंगारात द्यायला सांगितला, तिनं दिला.

व्यवस्थापकाला विचारलं तर तो खवळला. "मी कोरी भांडी भंगारात द्या म्हणेन? गोदाम गळत होतं, लोखंडी रॅक खराब झाले होते. तिनं त्याचंच विचारलं, मी ते काढायला सांगितलं. रॅक तिथेच राहिले आणि माल गेला. आता माझ्यावर ढकलतेय."

हवालदारांनी दोघांचे जबाब लिहिले. ठाण्याच्या पद्धतीप्रमाणे स्वच्छ, प्रमाण मराठीत. 'सदर स्टीलच्या पातेल्यांबाबत मी दूरध्वनीवरून विचारणा केली', वगैरे. दोन्ही जबाब मी पुन्हा पुन्हा वाचले. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, असंच त्या कागदांवरून दिसत होतं. पण खोटं बोलणारा माणूस हळूहळू तपशील वाढवत नेतो, आणि या दोघांनी एका शब्दाचीही भर घातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना पुन्हा बोलावलं. मुलगी बाहेर बाकावर, व्यवस्थापक माझ्या समोर लोखंडी खुर्चीवर. चहाची वेळ झाली होती. आमच्या महिला शिपाई दारातून डोकावल्या.

"म्याडम, गंज इथंच आणू का? कप इकडंच हायत."

व्यवस्थापक ताडकन उठला. आधी खुर्ची बघितली, मग मान वळवून स्वतःची पँट मागून झटकायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्या गंज म्हणाल्या ना. खुर्चीला गंज आहे वाटतं. नवी पँट आहे मॅडम."

शिपाई गालात हसत उभ्या, हातात चहाचं पातेलं.

तुम्हाला सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात, नागपूरकडेही, पातेल्याला गंज म्हणतात. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी कविता पाठ केल्या, पण घरी दूध गंजातच तापायचं. पश्चिमेकडच्या माणसाला मात्र गंज म्हणजे लोखंडाला चढतो तो, एवढंच ठाऊक.

मी जबाब बाजूला सारले आणि मुलीला आत बोलावलं.

"फोनवर काय बोललीस ते तुझ्याच शब्दांत सांग. जबाबातलं नको."

ती व्यवस्थापकाकडे न बघता म्हणाली, "सर, गंजाचा माल आला. खोके ओले हायत. काय करू?"

व्यवस्थापक हळूच खुर्चीत बसला. या वेळी खुर्ची न बघता.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी त्याला विचारलं.

"भंगारात टाक म्हणालो."

"मी इचारलं, सगळा?" मुलगी म्हणाली. "तुमी म्हणले, सगळा, अन् आजच. उद्या तपासणीले साहेब येऊन राह्यले, म्हणले. मले वाटलं, ओला झाला म्हणून कंपनीले नको असन."

"मला रॅक वाटले गं," तो म्हणाला.

"सर, तुमच्या गावी चहा काहात मांडतेत?"

"पातेल्यात."

"इथं कोणी पातेलं मागाले आलं का तुमाले? बाया रोज गंज मागतेत. मी हातात फडकं घेऊन तुमच्या रॅकचा गंज दाखवाले जाऊ का त्यायले?"

हवालदार खोकले. मी हसू आवरलं, कारण काम संपलं नव्हतं. व्यवस्थापकानं वरिष्ठांना आधीच कळवलं होतं की चोर सापडला. आता ते परत घ्यायचं म्हणजे स्वतःची चूक सांगायची.

"चोरी म्हणजे लबाडीच्या इराद्यानं माल नेणं," मी त्याला म्हणाले. "इथे इरादा कुणाचाच नाही. माझा अहवाल तसाच जाईल. तुम्ही फोन माझ्यासमोर करता की दुकानात जाऊन?"

त्यानं माझ्यासमोरच केला. मुलीचं नाव घेऊन तिची चूक नाही हे स्पष्ट सांगितलं. चाचांनी खोके परत दिले. त्यांच्या पैशांचं विचारलं तर म्हणाले, "पैसे तं घेईनच. पण आधी एक गंज द्या, घरवाली मागून राह्यली."

त्या दिवसापासून माझ्या ठाण्यात जबाब बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरू लागले. हवालदार कुरकुरले, "म्याडम, कोर्टात हसतील." मी म्हटलं, हसू देत. जबाब कायम माणसाच्याच भाषेत घ्यायला हवा. आमच्या स्वच्छ मराठीनं गंजाचं पातेलं केलं आणि नेमका तपासाचा धागा पुसून टाकला. दोन माणसं एकमेकांना खोटं ठरवतात तेव्हा कुणीतरी खोटं बोलतंच असं नाही. हे मला इतक्या वर्षांच्या चौकशांनी शिकवलं नव्हतं, एका चहाच्या भांड्यानं शिकवलं.

आठवड्यानं तांड्यावरून ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या. दोघी बहिणी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हात हलवत होत्या, मोठीच्या अंगावर दुकानाचा टी-शर्ट, धाकटीच्या अंगावर शाळेचा गणवेश.

मग मी एकदा दुकानात गेले. भांड्यांच्या फळीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: गंज. व्यवस्थापक मला बघून पुढे आला.

"काय देऊ मॅडम?"

मी पाटीकडे बोट केलं. तो वळून ओरडला, "अगं, मॅडमले एक गंज दाखव."

आतून आवाज आला, "कोरा दाखवू का भंगारातला, सर?"

तुम्ही दिवाळीला याल तेव्हा चहा त्याच गंजात होईल.