भावजींचा डावीकडचा चहा

अख्ख्या डिचोली तालुक्यात चहाचा ग्लास मेजावर कुठल्या बाजूला ठेवावा, यावर आमच्या टायपिंगवाल्या भावजींइतका विचार कुणी केला नसेल. भावजी म्हणजे ह्यांचे आतेभाऊ. बाजारात त्यांचा टायपिंगचा क्लास. दिवस गोवा राज्य होण्याच्या सुमाराचे. कोकणी की मराठी यावरून घराघरांत अबोला. भावजी दोन्ही बाजूंची निवेदनं टाइप करून देत, म्हणून दोन्ही बाजू त्यांच्यावर फुगलेल्या. तशात आखातातून आलेला एक मित्र त्यांना चक्क अरबी टाइपरायटर देऊन गेला. एरवी टाइप करताना मशीनचा कागद धरणारा गाडा सरकतो डावीकडे. अरबी लिहितात उजवीकडून, म्हणून हा निघाला उजवीकडे, आणि पहिल्याच ओळीला उजवीकडचा चहा भावजींच्या मांडीवर! "वयनी," ते ओरडले, "लिपी भलतीच गरम आहे हो!"

तेव्हापासून चहा डावीकडे. वर्तमानपत्रही मागून वाचू लागले. जेवायला आले की म्हणायचे, "माझं पान उलटं वाढा, हाताला सवय व्हायला हवी." लिपीचा मात्र गंध नाही. "हे करंगळीचं अक्षर, हे मधल्या बोटाचं," एवढीच ओळख!

मग शेजारच्या बांगडीवाल्यांच्या नसीमाचं लग्न ठरलं. पत्रिका छापली इंग्रजीत. तिच्या आजीला वाचता यायचं ते फक्त उर्दू, म्हणजे अरबी वळणाचीच लिपी; हात थरथरायचा म्हणून लिहिता येईना, आणि घरात दुसऱ्या कुणाला ती लिपी येत नव्हती. म्हातारी हटून बसली. "नातीचें नांव म्हज्या दोळ्यांनी वाचल्याबगर हांव लग्नाक येवची ना!" नसीमा रडकुंडीला आली. भावजी छाती फुगवून म्हणाले, "रडतेस कशाला? माझ्याकडे मशीन आहे ना!"

आजीनं तिच्या जुन्या मुळाक्षरांच्या पुस्तकात एकेक अक्षर दाखवलं, भावजींनी शोधून एकेक बटण दाबलं. कागद हातात घेऊन म्हातारी बघतच राहिली.

"पुता, हीं अक्षरां एकामेकांकडे उलयनात कितें?"

भावजींचं शिक्षण इंग्रजी मशीनवरचं. बटण दाबलं, अक्षर उमटलं, विषय संपला. त्या लिपीत अक्षरं हात धरून चालतात, शेजारी बदलला की रूप बदलतात. भावजींची मात्र सगळी एकमेकांशी न बोलता सुटी सुटी रुसून बसलेली. गावातल्या दोन्ही बाजूंशी बोलणाऱ्या माणसाला हे फारच लागलं.

आजी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. तिला मशीन कळेना, भावजींना लिपी. शिफ्ट दाबून बघ, सोडून बघ. "हें नाका, तें!" "हय, आतां हात धरलो!" चहा करून करून मी दमले. अखेर दिवेलागणीला 'नसीमा' सलग उमटलं. म्हातारीनं त्यावरून बोट फिरवलं, आणि नातीला म्हणाली, "म्हजी बरी ओढणी भायर काड."

आता आजी नाही, क्लास नाही, मशीन तर कधीच भंगारात गेलं. परवा सुनेच्या मोबाईलवर ती लिपी बघितली. अक्षरं आपोआप हात धरतात, शेजारी खुर्ची ओढून कुणी बसायला नको. भावजी अजून येतात. रिकाम्या मेजावर मी ग्लास उजवीकडे ठेवला, तर हळूच डावीकडे सरकवतात.

"गाडा येईल ना, वयनी."

"हो तर," मी म्हणते, "येईलच."