फाइना गेन्नादीव्हनाचे बारा पूर्णांक नऊ

फाइना गेन्नादीव्हना झिर्यानोव्हा एकेकाळी सोव्हिएत संघाची विजेती होती आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. कामा नदीकाठच्या आमच्या गावात ती पावाच्या रांगेतसुद्धा पिस्तुलाच्या बाराची वाट बघत असल्यासारखी उभी राहायची.

सुरुवातीला ती साधी शंभर मीटर धावायची. तिथे तुझ्यापुढे पाचजणी असतात, अडथळ्यांत दोनच उरतील, असं सांगून प्रशिक्षकांनी तिला अडथळ्यांच्या शर्यतीत घातलं. ती मात्र सांगायची, अडथळ्यांनीच मला निवडलं. १९८३ मध्ये तिला सुवर्णपदक मिळालं, हे खरं. पुढच्या दोघी एकमेकींत अडकून पडल्या होत्या, हेही खरं.

पुढच्या मे महिन्यात आमच्या कारखान्याच्या मैदानावर ती १२.९ सेकंदांत धावली. प्रेक्षागाराच्या भिंतीवर लाल अक्षरांत मैदानाचा विक्रम लिहिला गेला. इतर कुठेही ती १३.२ च्या खाली आली नाही. घरची हवा मानवते, असं ती म्हणे. पुढे जिल्हा समितीची अध्यक्ष होऊन पंचवीस वर्षं तिने मुलींच्या गळ्यात पदकं घातली आणि प्रत्येकीला ती भिंत दाखवली.

मग दूधगाडीवाल्याची मुलगी ताइसिया त्याच मैदानावर, त्याच शर्यतीत, विजेच्या घड्याळावर १३.०६ धावली. विक्रम थोडक्यात हुकला म्हणून फाइनाने तिचे गाल कुरवाळले. समितीच्या बैठकीत मात्र म्हातारे रोदिओन सावेल्येविच उठले. चौऱ्याऐंशी साली घड्याळ त्यांच्याच हातात होतं. नियमाने तीन घड्याळं हवीत, पण बाकीचे दोन पंच बागेत बटाटे लावायला गेले होते, असं त्यांनी सांगितलं. मेमध्ये आमच्याकडे बटाट्यांपुढे कशाचंच चालत नाही, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. शेवटच्या रेषेवरच्या पंचाने पिस्तुलाचा धूर दिसताच कळ दाबायची असते. आवाज तिथे पोचेपर्यंत पाव सेकंदाहून जास्त जातो. रोदिओननी आवाजावर दाबली होती. म्हणजे खरी वेळ १३.२, आणि विक्रम ताइसियाचा.

"का रे रोद्या? डोळे नव्हते तुला?" फाइनाने विचारलं.

"होते. तुझ्यावर होते."

चहाच्या पेल्यांतले चमचे थांबले. फाइनाने केस सारखे केले.

"ऐकलंत? लिहून घ्या."

काय लिहू, असं चिटणिसाने विचारलं.

"हेच, की पंचांचीही नजर माझ्यावरून हटत नव्हती."

रोदिओन पुटपुटले, की मी वेळेबद्दल बोलतोय.

"वेळ गेली तुझी. पंचवीस वर्षं मूग गिळून बसलास, आता कशाला आठवलं?"

सगळे हसले. तिच्या हातून पदकं घेऊन मोठे झालेल्या पाचही सदस्यांनी विक्रम कायम ठेवायला हात वर केले. दाराशी उभ्या ताइसियाने माझा नंबर कितवा, असं विचारलं. दुसरा, आणि तोही मानाचाच, असं तिला ऐकवण्यात आलं.

"मानाचा असेल तर तुम्हीच घ्या, बाई," ती म्हणाली आणि त्याच आठवड्यात पेर्म शहराच्या संघात गेली.

ठरावाखाली साक्षीदाराची सही हवी होती. फाइनाने पेन पुढे केलं. रोदिओननी चष्मा पुसला, कागद सरळ केला आणि पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात लिहिलं.