कोपर सिस्टर

वॉर्डात तिला सगळे कोपर सिस्टर म्हणत. रुग्णाच्या अंगाला पाणी लावण्याआधी टबात कोपर बुडवून बघायचं, हा तिचा नेम. बोटं निर्ढावलेली असतात, कोपर खोटं बोलत नाही, असं ती शिकाऊ मुलींना बजावे आणि प्रत्येकीकडून शंभरदा करून घेई. मुली पाठीमागे तिला कोपरापासून नमस्कार करत. पण तिने अंग पुसायला घेतलं की कुरकुरे म्हातारेसुद्धा गप्प पडून राहत. बाई तोंडाने फटकळ, हाताने मऊ. एक हात पुसायचा तर बाकी सगळं अंग चादरीखाली, कुणाची लाज उघड्यावर पडू द्यायची नाही.

ही बाई गेले दोन महिने जीव मुठीत धरून कामाला येत होती. तिचा उजवा हात बधिर होत चालला होता. आधी करंगळी, मग तळवा, मग मनगट, आणि हळूहळू कोपरापर्यंत. माणसं उचलून उचलून मानेतली शीर दबली असणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण बोललो तर वॉर्ड सुटेल, कुठल्यातरी टेबलामागे कागद लावत बसावं लागेल, आणि आपल्याला दुसरं येतं तरी काय, या धास्तीने तिने अवाक्षर काढलं नाही. घरी बहिणीने विचारलं, "सारखी हात का चोळतेस गं?" तर म्हणाली, "थंडीनं." भर उन्हाळा होता.

सोळा नंबरच्या खाटेवर एक निवृत्त बसचालक होते. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखाली सगळं सुन्न, हात आणि जीभ मात्र धडधाकट. त्या सकाळी त्यांची नखं कापायची होती, म्हणून पाय आधी पाण्यात भिजवायचे होते. तिने टबात उजवं कोपर घातलं. कोमट लागलं. उजवं पाऊल अलगद पाण्यात सोडून ती उशीचा अभ्रा बदलायला वळली. काका घाटात ब्रेक कसे गेले ती गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते.

अभ्रा चढवून तिने डावा हात पाण्यात घातला आणि झटकन बाहेर काढला. पाणी चांगलंच कढत होतं.

पाऊल बाहेर काढलं तर घोट्यापर्यंत लालभडक. धावत जाऊन तिने नळाचं गार पाणी आणलं आणि ओतत राहिली.

"काय झालं, सिस्टर?"

"काही नाही, काका. जरा गार पाणी घालतेय."

हे खोटं काकांना कळलं नाही. त्यांची गोष्ट घाटाच्या तिसऱ्या वळणावर होती.

ती नोंदवहीपाशी गेली. दाबामुळे पायाला लाली, इतकं लिहिलं की भागलं असतं. तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. पेन उचलताना तिची नजर सतरा नंबरकडे गेली. तिथली आजी महिनाभर बोलत नव्हती, डोळेही उघडत नव्हती. तिला भाजलं तर ती कुणाला सांगणार? तिने पेन ठेवलं आणि इन्चार्ज बाईंच्या खोलीत गेली.

"माझ्या हाताला गरम-गार कळत नाही. मी काकांचा पाय भाजला."

इन्चार्ज बाई तिच्याच हाताखाली शिकलेल्या. "कधीपासून कळत नाही?"

"दोन महिने."

"सिस्टर, हे मी केलं असतं तर तुम्ही मला वॉर्डात उभं केलं असतं का?"

तिने मान हलवली. नाही.

दुपारपर्यंत घोट्याखाली दोन फोड आले. डॉक्टरांनी मलमपट्टी केली. काकांना तिने स्वतः सगळं सांगितलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यापुढे ह्या बाई नकोत." घाटातली गोष्ट त्या दिवशी पुन्हा निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी मानेची तपासणी होती. त्याआधी, सकाळी, राहिलेल्या डाव्या पायासाठी ती टब घेऊन आली. इन्चार्ज बाईंनी एवढी एकदा परवानगी दिली होती, आणि स्वतः हात घालून पाणी बघून त्या शेजारी उभ्या होत्या. काका नको म्हणाले तर टब घेऊन परत फिरायचं, आणि मग कदाचित कायमचंच, हे तिला ठाऊक होतं.

काकांनी मान वर करून पाण्याकडे बघितलं.

"टब इकडे आणा. माझ्याजवळ."

तिने तो त्यांच्या कुशीशी धरला. त्यांनी बाही वर सारली आणि आपलं कोपर पाण्यात बुडवलं.

"कोमट आहे," ते म्हणाले. "इतके दिवस पाय माझेच होते, सिस्टर. पाणी कसं आहे ते मला कुणी विचारलंच नाही."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिने टब खाली पायाशी नेला.

"घाला," काका म्हणाले.

तरीही पाऊल पाण्यात सोडताना तिने आपला डावा हात त्याच्याखाली धरून ठेवला.